दगडाचं जहाज आणि सिरकाबाईचं धुराडं

इंजिरली या समुद्रकाठच्या गावात कुणी थाप मारली की ऐकणारा म्हणायचा, "चढव हुर्शितच्या जहाजावर." कुणाच्या शेळीला एका वेताला चार करडं झाली, चढव. कुणाच्या जावयाला इझमीरला सरकारी नोकरी लागली, चढव. चाळीस वर्षं गाव त्या जहाजावर थापा चढवत होतं. हुर्शित कापतानला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी माल चढायचा थांबला नव्हता.

नाझमिये ही हुर्शितची बायको. नवरा होता तोवर त्याला बोलायचा हक्क तिने एकटीने राखून ठेवला होता आणि तो रोज वापरला होता. पण दुसऱ्या कुणी त्याला लबाड म्हटलेलं तिला खपत नसे. गेल्या ईदेला तिचाच सहा वर्षांचा पणतू तिच्या मांडीवर बसून दुसऱ्या पोराला म्हणाला, "चढव हुर्शितच्या जहाजावर." हुर्शित कोण हेही त्याला ठाऊक नव्हतं. तिने त्याला मांडीवरून उतरवलं, हातातली मिठाई काढून घेतली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. ती दिवसभर बोलली नाही म्हणून लेकीने डॉक्टर बोलावला.

हुर्शित समुद्राच्या तळावरून स्पंज काढायचा. वर होडीत त्याचा साथीदार जाफेर हवेची नळी सांभाळायचा, खाली हुर्शित पिशवी भरायचा. असाच एक दिवस एकवीस वाव पाण्याखाली त्याला जहाज दिसलं. लाकूड कधीच कुजून गेलेलं, पण माल जसा रचला होता तसाच्या तसा. जात्याचे दगड, चीजच्या चाकांसारखे एकावर एक, ओळीने. सगळ्यांत वरच्या दगडाच्या भोकात एक गोबरा मासा बसलेला आणि त्याचं तोंड हुबेहूब तेव्हाच्या इमामासारखं. हे त्याने कहवेखान्यात सांगितलं, इमामासकट. इमाम तिथेच बसला होता.

"दगड बुडतो हे शेंबड्या पोरालाही कळतं," कुणीतरी म्हणालं. "दगड भरून जहाज कोण सोडेल?"

"म्हणून तर बुडालं," हुर्शित म्हणाला, आणि त्या दिवसापासून गावाला हसायला कारण मिळालं.

पुरावा आणायला तो दोर घेऊन परत उतरला. घाईत वर आला आणि खोलातून झटकन वर येणाऱ्याच्या अंगात हवा अडकते, तो तडाखा त्याला बसला. उजवा पाय कायमचा लुळा पडला. पाय गेला, धंदा गेला, जहाज तळाशीच राहिलं.

हुर्शितला जाऊन नऊ वर्षं झाली त्या उन्हाळ्यात गावात इशिल होजा आली. होजा म्हणजे विद्यापीठात शिकवणारी, पण दिसायला एवढीशी, केस उन्हाने गवतासारखे झालेले आणि नाकावर कातडं सोललेलं. बुडलेली जुनी जहाजं शोधून त्यांचा अभ्यास करायचा, हे तिचं काम. बरोबर एक निळी बोट, पाच पाणबुडे आणि समुद्राचा तळ दाखवणारं एक यंत्र. तरी पहिला आठवडा तिने गावात घरोघर चहा पिण्यात घालवला. तळाशी काय आहे हे स्पंजवाल्यांना आधी कळतं, यंत्राला नंतर, असं ती म्हणायची. नाझमियेला हे वाक्य इतकं आवडलं की तिने पोरीला बसवून तीन वेळा जेवायला घातलं.

"तुझ्या यंत्राला दगड दिसतात का गं?"

"दिसतात, तेझे." म्हाताऱ्या बाईला तिकडे तेझे म्हणतात, मावशी. "पण इथला तळच दगडांचा. त्यातले जात्याचे कुठले आणि साधे कुठले, ते त्याला समजत नाही."

"म्हणजे कहवेखान्यातल्यांसारखंच झालं. बसायचं खूप, समजायचं काही नाही."

"कापतानांनी जागेची खूण सांगितली होती का कधी?"

नाझमियेने डोक्यावरच्या रुमालाची गाठ सारखी केली. ही खूण तिला पाठ होती. समुद्रावर कुठे रेघ मारता येत नाही, म्हणून स्पंजवाले किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकापुढे एक धरतात. अशा दोन जोड्या जुळल्या की खाली तीच जागा. म्हातारपणी हुर्शित झोपेतसुद्धा पुटपुटायचा: सिरकाबाईचं धुराडं उंटाच्या खाचेत, आणि दिव्याचं बेट पांढऱ्या खडकाआडून नुसतं नाक काढतंय.

"उंट म्हणजे ही मागची टेकडी, दोन मदारींची," ती म्हणाली. "बेट आणि खडक तुला दिसतायतच."

"आणि सिरकाबाई?"

नाझमिये दार लोटून आली, मग हळूच म्हणाली, "माझी जाऊ. दुर्दाने."

हे तिला कसं कळलं, त्याचीही गोष्ट होती. जहाज दिसलं त्या सुमारास ही खूण ऐकून तिने नवऱ्याला एकदा विचारलं होतं, ही सिरकाबाई कोण? हुर्शितने आधी छताकडे बघितलं, मग चहाच्या पेल्यात बघितलं, मग खिडकीकडे हनुवटी केली आणि म्हणाला, "तुला माहीत नाही होय?" खिडकीतून दुर्दानेचं घर दिसायचं. आंबट चेहरा, आंबट बोलणं, तिच्या हातचं दूधही नासायचं. सिरका म्हणजे व्हिनेगर, आणि ते नाव जणू कुणी तिचं मापच घेऊन शिवलं होतं. नाझमिये त्या दिवशी इतकी हसली की तिने नवऱ्याला दोन अंडी जास्त तळून दिली. आणि पुढे चाळीस वर्षं जावेशी भांडण झालं की मनातल्या मनात "सिरकाबाई" म्हणून ती शांत व्हायची. त्याची तिला इतकी सवय होती की एखाद्या महिन्यात भांडण झालं नाही तर काढायची.

"तिला एवढंच सांग की चूल पेटव, धूर कर," नाझमियेने होजाला बजावलं. "मैलभर आतून एवढी धुराडी ओळखू येत नाहीत, धूर दिसतो. नाव मात्र काढू नकोस. बाई मनाला लावून घेईल."

दुर्दानेने मनाला लावून घेतलं, पण दुसऱ्याच अर्थाने. विद्यापीठाची बोट आपल्या धुराड्याकडे बघून चालते, हे कळल्यावर तिने ईदेचा झगा काढला. ऑगस्टच्या उन्हात, माशीसुद्धा सावली सोडत नाही तेव्हा, तिने चूल पेटवली आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली की भाऊजींनी आमच्याच घरावरून खूण धरली होती. शेवटी नजर चांगल्या गोष्टीकडेच जाते.

"हो, चांगल्या गोष्टीकडे," नाझमिये भिंतीपलीकडून म्हणाली. "धुराने डोळे पुसत राहा, दुर्दाने, शोभतंय तुला."

"जळतंय का काही तुझं, आब्ला? वास येतोय," दुर्दाने म्हणाली. ती धाकटी, म्हणून थोरलीला आब्ला म्हणायची, आणि प्रत्येक वेळी असं म्हणायची की जणू पायताणातला खडा काढतेय.

सोमवारी बोट गेली. उंटाच्या खाचेत धूर, खडकाआडून बेटाचं नाक, पाणबुडे खाली. वर आले. साधे दगड. मंगळवारी पुन्हा साधे दगड, आणि एक फुटकी बादली. बुधवारी गावात कुणीतरी ती बादली हुर्शितच्या जहाजाचं सोनं म्हणून कहवेखान्याच्या दाराला टांगली. नाझमियेने जाऊन ती उतरवली, घरी आणली आणि तिच्यात तुळस लावली. पण घरी येऊन जेवली नाही.

गुरुवारी संध्याकाळी होजा तिच्या ओट्यावर येऊन बसली. शोध घ्यायचा सरकारी परवाना शुक्रवारपर्यंतचा. उद्या दुपारी बोट परत जाणार, आणि दुसऱ्यांदा इथे कुणी पाठवणार नाही.

"तेझे, खूण चुकीची नसेल ना?"

"माझा नवरा हजार गोष्टींत चुकला. जागा चुकला नाही. त्यावर तर त्याचा जीव असायचा, खाली गेलेल्या माणसाला जागाच चुकली तर वर कोण येतंय?"

होजा वहीत बघत राहिली. "दिवसा कोणत्या वेळी उतरायचे ते?"

"पहाटेच. सूर्य यायच्या आधी. तेव्हा वारा नसतो, पाणी तेलासारखं. नऊपर्यंत माझ्या हातचा चहा प्यायला घरी."

"मग तेव्हा धूर असायचा का दुर्दाने तेझेंच्या धुराड्यातून?"

"दुर्दानेच्या?" नाझमिये फिस्सकन हसली. "अगं, ऊन ढुंगणाला चटका देईपर्यंत ती उठली तर शपथ. सासूबाई जिवंत होत्या तेव्हाही उठली नाही. पहाटे उठून चूल पेटवणारी या अख्ख्या उतारावर मी एकटी..."

वाक्य तिथेच राहिलं. होजाने वहीतून वर बघितलं नाही. शिकलेल्या माणसांनाही कधी कधी अक्कल असते. नाझमियेने तुळशीचं एक पान खुडलं, वास घेतला, टाकून दिलं.

"चहा गार झाला तुझा," ती म्हणाली आणि पेला उचलून आत गेली. परत बाहेर आली नाही.

शुक्रवारी सकाळी ती कहवेखान्यात गेली. इंजिरलीच्या कहवेखान्यात बाई येत नसे. ती आली तेव्हा पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते टेबलाखाली लपवले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कोपऱ्यात जाफेर बसला होता. हुर्शितची नळी धरणारा तो एकटाच उरला होता. कानांनी अर्धा गेलेला, पण गेलेला अर्धा कोणता हे माणूस बघून ठरवायचा.

"जाफेर."

"येंगे," जाफेर अर्धवट उठला. कापतानची बायको म्हणून ती त्याची येंगे, वहिनी. "बस ना. चहा सांगू?"

"सिरकाबाई कोण?"

"काय म्हणालीस? या कानाने..."

ती उठून त्याच्या दुसऱ्या कानाकडे जाऊन बसली. "सिरकाबाई कोण?"

जाफेरने दाराकडे बघितलं. दारात दुर्दाने उभी होती, ईदेच्या झग्यात. जाऊबाई कहवेखान्याकडे निघाल्या हे बघून तिने चूल तशीच सोडली होती.

"येंगे, मला हृदयाचा त्रास आहे," जाफेर म्हणाला. "या सगळ्यांना बाहेर पाठव, मग सांगतो."

"चाळीस वर्षं या सगळ्यांनी माझ्या नवऱ्याला इथे बसून लबाड म्हटलंय. आता इथेच बसून ऐकू दे."

"मग मला गोळी घेऊ दे."

त्याने गोळी घेतली. पाणी प्यायला. अजून पाणी प्यायला. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "तू गं. तुलाच म्हणायचा."



"मी तर पहिल्या दिवशीच विचार केला, हे दुर्दानेच्या धुराड्यावर का चाललेत," जाफेर आता एका दमात बोलत सुटला. "पण सांगायला कोण जाणार? मरायचंच होतं तर मी तेव्हा नळी सोडून स्वतः उडी मारली असती. आणि तो काही वाईट अर्थाने नाही म्हणायचा, येंगे. म्हणजे वाईट अर्थानेही म्हणायचा, तुझ्याशी भांडून आला असला तर. पण पाण्यातून डोकं वर काढलं की पहिलं मलाच विचारायचा, सिरकाबाईचं पेटलंय का? मी म्हणायचो, पेटलंय. मग म्हणायचा, झालं तर, अजून एकदा जाऊन येतो."

आधी बोलली दुर्दाने.

"म्हणजे आब्ला," ती दारातून म्हणाली, "चार दिवस मी या उन्हात शिजले ती तुझ्या नावाने?"

"तुझ्या हातून काही धड शिजलं असतं तर दूध नासलं नसतं," नाझमिये म्हणाली. पण हे तोंडाने म्हटलं, सवयीने. आत तिची मोजणी चालली होती. आता घरी जाऊन दार लावून घेतलं, तर दुपारी बोट जाईल. हुर्शित लबाड राहील, आणि सिरकाबाई हा जाफेरसारख्या थेरड्याचा म्हातारचळ ठरेल. जाफेर आठवड्यात स्वतःच ते नाकारेल. आणि आता घरी जाऊन चूल पेटवली, तर बंदरापासून वरच्या द्राक्षमळ्यापर्यंत सगळ्यांना दिसेल की सिरकाबाईचं धुराडं कोणतं. मग नवरा खरा. पण खरा ठरायला त्याने हेच एक वाक्य निवडलं होतं, मेल्याने.

ती उठली. दारात दुर्दानेला म्हणाली, "सरक."

"कुठे निघालीस?"

"माझ्या धुराड्याखाली."

असा धूर इंजिरलीने बघितला नव्हता. वाळलेलं पाइनचं लाकूड तिने आधी घातलं, मग ऑलिव्हच्या घाण्यावरचा चोथा, मग एक फाटका रबरी बूट. बूट हुर्शितचाच होता, उजव्या पायाचा, पाय गेल्यानंतर कधी न घातलेला. नऊ वर्षं तिने तो दाराआड ठेवला होता. घर भट्टीसारखं तापलं. ती ओट्यावर येऊन बसली, रुमालाने वारा घेत, आणि रस्त्याने जो जाईल त्याच्याकडे असं बघू लागली की बोल, बोलून बघ. कुणी बोललं नाही. आख्खं गाव मात्र काही ना काही कामाने त्या रस्त्याने गेलं. इमाम दोनदा गेला.

समुद्रात निळी बोट आधी नेहमीच्या जागी होती. मग तिचं नाक हललं. उतारावर धूर तीस पावलं सरकला की पाण्यात रेघ चांगली नव्वद पावलं सरकते. बोट पश्चिमेला सरकली, अजून थोडी, आणि थांबली.

दुर्दाने आली. हातात पाण्याचा तांब्या. ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"हसायला आलीस?"

"बघायला आले. हसून झालंय माझं, घरी." दुर्दानेने पाणी पुढे केलं. "चाळीस वर्षं तू मनात मला सिरकाबाई म्हणत होतीस ना?"

"हो."

"मला माहीत होतं."

"कसं?"

"भांडताना मध्येच गप्प बसायचीस आणि गोड हसायचीस. एवढी गोड तू दुसऱ्या कशाने होणार?"

नाझमियेने पाणी घेतलं. अर्धं प्यायली, अर्धं आपल्या पायांवर ओतलं.

दुपारच्या अजानीला थोडा वेळ होता तेव्हा बोटीने भोंगा दिला. एकदा, मग दोनदा, मग असा लांबलचक की कुत्री भुंकायला लागली. कहवेखाना रिकामा होऊन धक्क्यावर आला. नाझमिये गेली नाही. तिला धावत जाताना कुणी बघितलं असतं तर ते पुढची चाळीस वर्षं चाललं असतं. ती ओट्यावरच बसून राहिली, फक्त रुमाल सोडून पुन्हा बांधला, नीट.

होजाच धावत वर आली, ओल्या केसांनी, अनवाणी.

"तेझे, जात्याचे दगड. शंभराच्या वर असतील. एकावर एक रचलेले, ओळीने..."

"चीजच्या चाकांसारखे."

"चीजच्या चाकांसारखे. हजार वर्षांपेक्षा जुनं असेल. वजनामुळेच जागचं हललं नाही काही. असं जहाज मी आयुष्यात..."

"सगळ्यांत वरच्या दगडाच्या भोकात काय होतं?"

होजाने डोळ्यांवरचे ओले केस मागे सारले. "मासा होता. मोठा. बाहेर यायला तयार नव्हता."

"तोंड कुणासारखं होतं?"

होजाने मागे बघितलं. तिच्यामागून अर्धं गाव चढून आलं होतं आणि पुढे आताचा इमाम उभा होता, तेव्हाच्या इमामाचा मुलगा. तिने त्याच्याकडे बघितलं आणि पटकन वही उघडली.

"तेवढं नाही बघितलं," ती म्हणाली.

"बघितलंस," नाझमिये म्हणाली. "असू दे."

परवान्याची मुदत वाढवून मिळणार होती, पण त्यासाठी त्याच दिवशी कागद पाठवायचा होता: काय सापडलं, कुणी दाखवलं, कोणत्या खुणेवरून. होजा ओट्यावर बसून लिहू लागली. पहिल्यांदा बघणारा, हुर्शित कापतान. ते तिने मोठ्याने वाचलं, आणि नाझमियेने ते परत वाचायला लावलं, पुढे उभ्या असलेल्यांची तोंडं बघत. बादली टांगणारा माणूस चपलेतला पाय चाळवत होता.

"आता खूण," होजा म्हणाली आणि अडखळली. "इथे मी लिहिते, गावातल्या एका घराचं धुराडं. तेवढं पुरेल."

"एका घराचं?" नाझमिये म्हणाली. "या गावात दीडशे घरं आहेत. उद्या कुणी तुझा कागद घेऊन आला आणि या बाईच्या धुराड्यावर गेला तर? त्याला पुन्हा बादलीच मिळेल. नीट लिही. सिरकाबाईचं धुराडं."

"खरंच लिहू?"

"लिही. आणि सिरकाबाई म्हणजे नाझमिये, हुर्शितची बायको, हेही लिही. दुसरी कुणी नाही. चार दिवस दुसरीने चालवून बघितलं, जमलं नाही तिला."

"ऐका," दुर्दाने जमलेल्यांना म्हणाली. "आता सिरकाही हिचाच."

कागद गेला. मुदत वाढली. रोज पहाटे बोट खुणेवर जाऊ लागली. यंत्रात जागा नोंदवलेली होती, धुराची आता काही गरज नव्हती, हे होजाने नाझमियेला दोनदा समजावून सांगितलं. नाझमियेने दोन्ही वेळा मान डोलावली, आणि रोज अंधुक असताना उठून चूल पेटवली. माणसं खाली उतरतात. वर आल्यावर त्यांना काहीतरी दिसायला नको का?

चौथ्या दिवशी पहाटे ती लाकडं घ्यायला अंगणात आली आणि तिथेच थबकली. खालच्या घराच्या धुराड्यातून धूर येत होता. अंगणात दुर्दाने ईदेच्या झग्यात उभी होती, डोळे अजून पुरते उघडलेले नव्हते, आणि निळ्या बोटीकडे हात हलवत होती.

नाझमियेने लाकडं खाली ठेवली आणि भिंतीपाशी गेली.

"दुर्दाने," ती म्हणाली, "विझव ते. माणसं चुकतील."